सारखाच प्रोसेसर, सारखीच रॅम, मग किमतीत चाळीस हजारांचा फरक कसा?

सुमेधा_नाशिक

नमस्कार मंडळी. लेकीला यंदा पुण्यात कॉम्प्युटर इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला. लॅपटॉप घ्यायचाय. गेले दोन रविवार कॉलेज रोडपासून मेनरोडपर्यंत दुकानं पालथी घातली आणि डोकं भणाणून गेलं.

वहीत चार लॅपटॉप लिहून आणलेत, चारही वेगवेगळ्या कंपन्यांचे. प्रत्येकात आय-फाइव्ह प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबीची एसएसडी. किमती ५४,९९०, ६३,०००, ७८,५०० आणि ९६,०००. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "ताई, ब्रँडचा फरक असतो." एवढंच. मी बँकेत कर्ज विभागात आहे. आकडा कुठून आला हे कळल्याशिवाय आमच्याकडे कागद पुढे सरकत नाही. चाळीस हजार म्हणजे लेकीच्या वसतिगृहाचे कितीतरी महिने.

तर हा फरक नक्की कशाचा? आणि या कंपन्या आपापसात स्पर्धा करतात ती कशावर? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

रानवाट

नावाचे पैसे, ताई. आत सगळ्यांच्या तेच इंटेल, तेच विंडोज, तीच कोरियन रॅम. सगळ्यात स्वस्त घ्या आणि उरलेल्या पैशात लेकीला एक चांगली सायकल घेऊन द्या.

कंदील

रानवाट, पूर्ण असहमत. लॅमिंग्टन रोडला माझं बावीस वर्षं दुरुस्तीचं दुकान आहे. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलंय, पण गिऱ्हाईक लॅमिंग्टन रोडच म्हणतं. "आत सगळं तेच" हे फक्त डबा न उघडलेला माणूस म्हणू शकतो.

आज सकाळचीच गोष्ट सांगतो. दोन वर्षांचा एक लॅपटॉप आला, झाकण उघडलं की उजवा कोपरा कट्कन वाजतो. खालचं कव्हर काढलं. बिजागरीचा स्क्रू ज्या पितळी नटात जातो, तो नट प्लास्टिकच्या छोट्या खांबात बसवलेला असतो. तो खांबच मुळापासून उपटून आला होता. बिजागरी कडक, प्लास्टिक पातळ. रोज चार-पाच वेळा उघडझाप केली की दोन वर्षांत हे होणारच. एपॉक्सी लावून नट परत बसवला, पण गिऱ्हाइकाला सांगून टाकलं की हे कायमचं नाही.

शेजारीच सात वर्षांचा ऑफिस मालिकेतला लॅपटॉप उघडून ठेवला होता. त्याची बिजागरी थेट मॅग्नेशियमच्या सांगाड्यात बसवलेली. कीबोर्डखाली पाणी वाहून जायला वाट काढलेली. चहा सांडला तर खालच्या भोकातून टेबलावर येतो, मदरबोर्डवर नाही. दोन्ही मशिनांचं माहितीपत्रक वाचलंत तर प्रोसेसर, रॅम, एसएसडी एवढंच दिसेल. बिजागरीचा रकाना त्यात नसतोच.

आणि गंमत म्हणजे ही दोन्ही मशिनं एकाच कंपनीची होती. तेव्हा नुसती ब्रँडची तुलना करू नका, मालिका बघा. लेनोवोचा थिंकपॅड आणि आयडियापॅड, डेलचे २०२५ पर्यंतचे लॅटिट्यूड आणि इन्स्पिरॉन, एचपीचा एलिटबुक आणि पॅव्हिलियन यांत मला जेवढा फरक दिसतो, तेवढा एका कंपनीच्या स्वस्त मालात आणि दुसऱ्या कंपनीच्या स्वस्त मालात दिसत नाही.

मुक्ता_डोंबिवली

कंदीलदादा, बाप रे! माझ्या लॅपटॉपचा कोपरा वाजतोय गेला महिनाभर. उद्याच दाखवते.

कंदील

मुक्ताताई, तोवर झाकण मधोमध धरून उघडा. एका कोपऱ्याला धरून उचलायचं नाही.

तैपेईकर

मूळचा साताऱ्याचा, गेली नऊ वर्षं तैवानमध्ये या धंद्याच्या पुरवठा बाजूला नोकरी करतो. रानवाटांचं अर्धं बरोबर आहे, पण ते अर्धं कुठलं हे समजून घ्यायला हवं.

ज्यांचं नाव झाकणावर असतं त्यांतल्या बऱ्याच कंपन्या आपले बहुतेक लॅपटॉप स्वतः जोडत नाहीत. क्वांटा, कॉम्पाल, विस्ट्रॉन, इन्व्हेंटेक, पेगाट्रॉन ही नावं सामान्य गिऱ्हाइकाने कधी ऐकलेली नसतात, पण जगातले बहुतेक लॅपटॉप अशा मोजक्या तैवानी कंपन्या बनवतात, बरेचसे चीनमधल्या कारखान्यांत. अ‍ॅपलचे मॅकबुकही क्वांटासारखीच कंपनी जोडते. विस्ट्रॉन एकेकाळी एसरचा भाग होती, पेगाट्रॉन असूसचा. एकमेकांशी भांडणाऱ्या दोन ब्रँडांची कामं एकाच कंत्राटदाराकडे चालू असतात. मी ज्या इमारतीत जातो तिथे दोन गिऱ्हाइकांच्या टीम वेगळ्या मजल्यांवर बसतात. एकाचं कार्ड दुसऱ्याच्या दाराला लागत नाही. कॅन्टीन मात्र एकच.

म्हणजे कारखाना तोच असू शकतो. पण त्या कारखान्याला काय बनवायला सांगितलं जातं, ते ब्रँड ठरवतो: कव्हर किती मिलिमीटरचं, स्क्रीनचं पॅनल कुठल्या दर्जाचं, बिजागरी किती हजार वेळा उघडून तपासायची. शिंपी एकच असतो, कापड गिऱ्हाईक आणतं.

सुटे भाग स्वस्तात मिळवायला आकारही लागतो. २०२४ मध्ये जगात साधारण २६ कोटी पीसी विकले गेले, त्यांतले सहा कोटींच्या आसपास एकट्या लेनोवोचे. एवढे पॅनल आणि एवढी रॅम एकगठ्ठा घेणाऱ्याला जो भाव मिळतो, तो वीस लाख लॅपटॉप विकणाऱ्याला मिळत नाही. म्हणून लहान ब्रँड कधीकधी तोच माल महाग विकतो, आणि त्यात लबाडी नसते.

एसरचे संस्थापक स्टॅन शी यांनी १९९२ च्या सुमारास एक आकृती काढली होती, हसऱ्या ओठांसारखी. डावं टोक संशोधन आणि मुख्य भागांचं, उजवं टोक ब्रँड आणि सेवेचं. दोन्ही टोकं वर, कारण पैसा तिथे आहे. मधला खड्डा म्हणजे जोडणी. इथे तैवानमध्ये ही आकृती ठाऊक नसलेला माणूस या धंद्यात सापडणार नाही.

जुनाखेळाडू

तैपेईकर, फार सुंदर प्रतिसाद. त्या डाव्या टोकावर इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट जाऊन बसले कसे, ती गोष्ट सांगण्यासारखी आहे. थोडं लांबेल.

आयबीएमने १२ ऑगस्ट १९८१ ला पीसी बाजारात आणला, सुरुवातीची किंमत १,५६५ डॉलर. फ्लोरिडात बोका रॅटनच्या एका छोट्या गटाने तो साधारण वर्षभरात उभा केला. घाई इतकी की प्रोसेसर इंटेलचा घेतला, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची घेतली. आयबीएमचा म्हणावा असा मुख्य तुकडा एकच, मशीन सुरू करून देणारा बायोस नावाचा छोटा प्रोग्रॅम.

१९८२ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स सोडून आलेल्या तिघांनी ह्यूस्टनमध्ये कॉम्पॅक काढली. त्यांनी एका गटाला आयबीएमचा बायोस काय काय करतो हे लिहून काढायला लावलं. तो कोड कधीच न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने त्या टिपणांवरून नवा बायोस लिहिला. कायद्याने नक्कल नाही, पण आयबीएमवर चालणारं सगळं यावर चालतं! पहिल्याच वर्षी, १९८३ मध्ये, ५३,००० मशिनं आणि ११ कोटी १० लाख डॉलरची विक्री. आणि मशीन कसलं, तर बारा किलोंहून जड 'पोर्टेबल'.

मग दारच उघडलं. जो तो इंटेल आणि मायक्रोसॉफ्टकडे जाऊन तेच भाग घेऊ लागला. १९८६ मध्ये इंटेलच्या नव्या ३८६ प्रोसेसरचा पीसी आयबीएमच्या आधी कॉम्पॅकने आणला. १९८७ ला आयबीएमने पीएस/२ नावाचे नवे पीसी काढून आपल्या मालकीची नवी रचना लादायचा प्रयत्न केला. ती वापरायची तर परवाना घ्या, पैसे मोजा. बाकीच्या नऊ कंपन्या एकत्र आल्या, स्वतःचं मानक केलं, आणि आयबीएम एकटी पडली. शेवटी २००५ मध्ये तिने आपला पीसीचा धंदा थिंकपॅडसकट लेनोवोला देऊन टाकला. ज्याने हा खेळ मांडला तोच पटावरून उठला. मला आजही याचं वाईट वाटतं. माझं पहिलं ऑफिसातलं मशीन आयबीएमचं होतं आणि त्याच्या कीबोर्डसारखा कीबोर्ड पुन्हा बोटांखाली आला नाही.

सुमेधाताई, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या इतिहासात आहे. मुख्य भाग सगळ्यांना तेच मिळतात. मग कंपन्यांनी वेगळं दिसायचं कशात? उरतात किंमत, बांधणी, सेवा आणि विकायची पद्धत.

गोंयकार

विकायच्या पद्धतीवरून डेल आठवलं. मायकेल डेलने १९८४ मध्ये ऑस्टिनच्या विद्यापीठातल्या खोलीतून धंदा सुरू केला. मधला दुकानदार काढून टाकला. गिऱ्हाईक आधी पैसे देणार, मग डेल मशीन जोडणार, आणि भाग पुरवणाऱ्याचे पैसे त्यानंतर. म्हणजे धंद्याला लागणारं भांडवल गिऱ्हाईकच देतं. शिवाय गोदामात माल पडून राहत नाही. या धंद्यात ते फार मोलाचं, कारण त्या काळात माल पडून असताना प्रोसेसर आणि रॅमचा भाव उतरत जायचा. पणजीच्या मासळीबाजारात जो नियम, तोच इथे. संध्याकाळपर्यंत ठेवलात तर बांगड्याला सकाळचा दर येत नाही.

मुक्ता_डोंबिवली

बांगड्याचं उदाहरण कायम लक्षात राहील!

जुनाखेळाडू

अवांतर: नव्वदच्या दशकात आपल्याकडे मोठी स्पर्धा ब्रँड विरुद्ध असेम्बल्ड अशी होती. एचसीएल, विप्रो, झेनिथ यांचे पीसी एका बाजूला आणि गल्लीतला जोडून देणारा मुलगा दुसऱ्या बाजूला. आमच्या सोसायटीत असाच एकजण होता. कॅबिनेट, मदरबोर्ड, हार्ड डिस्क पिशवीत घालून लोकलने यायचा आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर मशीन जोडायचा. आई त्याला आधी जेवायला वाढायची. ब्रँडपेक्षा बरंच स्वस्त पडायचं, आणि बिघडलं तर तोच धावत यायचा. सेवा म्हणजे काय ते त्याच्याकडून कळलं.

वऱ्हाडी_पाहुणा

काहीही म्हना, गावात इंजिनियर येते का थेच पाहा लागते!

आमच्या यवतमाळ भागातला अनुभव सांगतो. भावाचा लॅपटॉप वॉरंटीत असताना मदरबोर्ड गेला. कंपनीचं नाव घेत नाही. फोनवर सांगितलं, सेवा केंद्र नागपूरला, तिथे आणून द्या. दीडशे किलोमीटर. तिथे गेल्यावर कळलं, पार्ट चेन्नईहून येणार. अठरा दिवस लागले, आणि परीक्षा त्या अठरा दिवसांतच होती. माझ्या ऑफिसच्या मशिनाला घरी येऊन दुरुस्तीची वॉरंटी आहे. तक्रार केल्यावर तिसऱ्या दिवशी माणूस पार्ट घेऊन दारात उभा. तेव्हापासून मी किंमत बघताना त्या अठरा दिवसांची किंमतही धरतो.

रानवाट

वऱ्हाडीभाऊ, हे पटलं. माझं पहिलं वाक्य मागे घेतो. सायकल मात्र घ्याच.

पण मग सफरचंदवाल्यांचं, म्हणजे अ‍ॅपलचं काय? तिथे तर सरळसरळ नावाचेच पैसे ना? आणि अमेरिकेत ९९९ डॉलरला आलेला मॅकबुक इथे लाखाला, मधले कोण खातं?

खतावणी

रानवाट, मी सीए आहे, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. हा हिशोब लोक नेहमी चुकीचा करतात.

मार्च २०२५ मध्ये अ‍ॅपलच्या एम-४ चिपचा मॅकबुक एअर आला. अमेरिकेत ९९९ डॉलर, भारतात ९९,९०० रुपये. डॉलर तेव्हा ८७ च्या आसपास. गुणिले केलं की साधारण ८६,९०० होतात. अमेरिकेतली छापील किंमत विक्रीकर सोडून असते, आपली जीएसटी धरून. १८ टक्के लावले की १,०२,५०० च्या वर जाते. म्हणजे इथली किंमत उलट थोडी कमीच निघाली. लॅपटॉपवर मूळ सीमाशुल्क शून्य आहे, कारण माहिती तंत्रज्ञानाच्या मालाबाबतचा जागतिक करार भारताने १९९७ पासून मान्य केलाय. "सरकार सीमाशुल्क लावतं म्हणून महाग" हे फोनबाबत खरं असेल, लॅपटॉपबाबत नाही.

नेहमी असंच असतं असंही नाही. नोव्हेंबर २०२० चा एम-१ अमेरिकेत ९९९ लाच होता आणि इथे ९२,९०० ला आला, डॉलर ७४-७५ असताना. हिशोबाने ८८ हजारांच्या आसपास बसायला हवा होता. रुपया घसरेल म्हणून कंपन्या थोडी उशी ठेवतात.

आता नावाचे पैसे. काही प्रमाणात हो. अ‍ॅपलचं एकूण ढोबळ नफ्याचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर असतं. एचपीसारख्या कंपनीच्या पीसी विभागाला कामकाजातून पाच-सात टक्के सुटतात. दोन्ही मोजमापं वेगळी आहेत, थेट वजाबाकी करू नका, पण कोण निवांत आहे आणि कोण घाम गाळतंय ते कळतं. अ‍ॅपलने २०२० पासून मॅकमध्ये स्वतःची चिप घालायला सुरुवात केली. ऑपरेटिंग सिस्टिम आधीपासूनच स्वतःची. तैपेईकरांच्या हसऱ्या आकृतीची दोन्ही टोकं एकाच घरात आली. बाकीच्यांना चिपचे पैसे इंटेल किंवा एएमडीला आणि विंडोजचे मायक्रोसॉफ्टला द्यावे लागतात. मग त्यांच्या हातात उरतं काय?

सानिका_पुणे

खतावणीकाका, पण अ‍ॅपल रॅमला जे पैसे लावतं ते कुठल्या हिशोबात बसतं? ८ ची १६ जीबी करायला कितीतरी वर्षं २०,००० रुपये घेत होते. आणि ती नंतर बदलताही येत नाही. मी मॅकच वापरते, आवडतोही, पण हे मला लूट वाटतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच किमतीत १६ जीबी द्यायला लागले, म्हणजे आधीही देता आली असती.

खतावणी

सानिकाताई, समर्थन करणार नाही. कमी किमतीचं मॉडेल गिऱ्हाइकाला दुकानात आणतं आणि नफा पुढच्या पायरीवर घेतला जातो. पायरी मुद्दाम उंच ठेवलेली असते.

विंडोजवाल्यांकडे दुसरे मार्ग आहेत. नव्या लॅपटॉपमध्ये न मागता आलेली अँटिव्हायरसची चाचणी आवृत्ती, खेळ, सवलतीच्या जाहिराती आठवा. ते आत घालण्याबद्दल लॅपटॉप कंपनीला पैसे मिळतात. नफा इतका पातळ की तेही सोडवत नाहीत. २०१५ मध्ये लेनोवोचं सुपरफिश प्रकरण गाजलं. आधीच घातलेला तो जाहिरातीचा प्रोग्रॅम वापरणारा आणि सुरक्षित वेबसाइट यांच्या मध्ये येऊन बसत होता. शेवटी अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी तडजोड करावी लागली. इंटेलनेही १९९१ पासून 'इंटेल इनसाइड' योजनेत जाहिरातीच्या खर्चाचा वाटा उचलला. बदल्यात जाहिरातीत आणि मशिनावर त्यांचं चिन्ह. झाकणावर नाव एकाचं, पण गिऱ्हाइकाच्या डोक्यात बसलं इंटेल.

तैपेईकर

आणि याच कोंडीत कितीजण बाहेर पडले पाहा. सोनीने २०१४ मध्ये वायो विकला. १९८५ मध्ये लॅपटॉपचा रस्ता दाखवणाऱ्या तोशिबाने २०१८ मध्ये बहुतांश हिस्सा शार्पला दिला आणि २०२० मध्ये उरलेलाही. कॉम्पॅक २००२ मध्येच एचपीत विरघळली. दोन्ही टोकं दुसऱ्याच्या हातात असताना मध्ये उभं राहणं असं असतं.

सुमेधा_नाशिक

मंडळी, भारावून गेले. आता माझी वही घेऊन बसले आहे. बिजागरी, मालिका, सेवा हे तीन नवे रकाने आखलेत. आणखी काय बघू? लेक म्हणते, गेम खेळायचे नाहीत, पण प्रोग्रॅमिंग आणि थोडं मशीन लर्निंग आहे.

कंदील

ताई, चार गोष्टी दुकानात उभ्या उभ्या तपासा.

स्क्रीन. पांढरं पान उघडा, दोन्ही मशिनं शेजारी ठेवा, ब्राइटनेस पूर्ण करा. स्वस्त पॅनल राखाडी आणि रंग उडालेलं दिसतं. कंपन्या हजारो रुपये वाचवतात ती जागा हीच.

प्रोसेसरचं पूर्ण नाव. नुसतं आय-फाइव्ह म्हणजे काहीच नाही. शेवटचं अक्षर यू असेल तर बॅटरी वाचवणारा, एच असेल तर जोरकस. ग्राफिक्स कार्डचंही तसंच. आरटीएक्स ४०६० असं स्टिकर दोघांवर असेल, पण लॅपटॉपमधलं हे कार्ड ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीवरही बसवता येतं. थंड ठेवायची सोय जशी, तसे वॉट, आणि वॉट तसा जोर.

रॅम मदरबोर्डला चिकटवलेली आहे की बदलता येते.

आणि मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत लिहून घ्या. तेच नाव, तोच रंग, पण ऑनलाइनसाठी एक नंबर, दुकानासाठी दुसरा. आत पॅनल वेगळं किंवा वॉरंटी वेगळी. नंबर वेगळा ठेवला की "तिकडे स्वस्त मिळतंय" असं म्हणायची सोयच राहत नाही. हीसुद्धा त्यांची स्पर्धाच, पण गिऱ्हाइकाला तुलना करू न देण्याची.

सानिका_पुणे

हॉस्टेलमध्ये राहिलेली म्हणून सांगते, वजनही बघा. तीन जिने चढायचे असतात.

सुमेधा_नाशिक

दहा दिवसांनी लिहिते आहे. घेतला!

वहीतला ९६,००० चा नाही आणि ५४,९९० चाही नाही. एका डीलरकडे ऑफिस मालिकेतलं गेल्या वर्षीचं मॉडेल शिल्लक होतं. नवं आल्यामुळे ६८,००० ला दिलं. तीन वर्षं घरी येऊन दुरुस्तीची वॉरंटी, १६ जीबी रॅम आणि आणखी एक पट्टी लावायला जागा. प्रोसेसर एक पिढी जुना. पांढरं पान उघडून शेजारी वहीतला पहिला लॅपटॉप ठेवला तेव्हा कंदीलदादा, तुमचा राखाडी रंग मला अगदी समोर दिसला. डीलर म्हणाला, "मॅडम, तुम्ही याच लाइनमधल्या का?"

कंदील

अभिनंदन! ताई, एक काम आजच करा. कंपनीच्या साइटवर सिरियल नंबर टाकून वॉरंटी कुठल्या तारखेपासून मोजली आहे ते बघा. शिल्लक माल असला की बऱ्याचदा कारखान्यातून निघाला त्या दिवसापासून धरलेली असते.

सुमेधा_नाशिक

पाहिलं. सात महिने आधीच सुरू झालेली होती! बिलाचा फोटो पाठवून तारीख दुरुस्त करायची मागणी नोंदवली आहे.

सुमेधा_नाशिक

झालं. परवा मागणी टाकली, आज तारीख बदलून आली. सात महिने परत मिळाले. लेक शनिवारी पुण्याला निघते आहे, सायकल पुढच्या महिन्यात पाठवू.